उद्या तुमच्याकडे जेवायला येतो

आमच्या शाळेत छडी होती, पट्टी होती, अंगठे धरणं होतं, वर्गाबाहेर उभं राहणं तर रोजचंच. पोरं यातल्या कशालाही भीक घालायची नाहीत. पण भूगोलाचे सर दारात येऊन एखाद्या दांडगटाकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "काय महाराज, उद्या तुमच्याकडे जेवायला येतो." झालं! त्या पोराचं तोंड खाडकन उतरायचं. "सर, नको ना सर. छडी मारा सर." सर तोवर पुढच्या वर्गात गेलेले असायचे.

मी त्यांना देवमाणूस वगैरे म्हणणार नाही. तसं म्हटलेलं त्यांनाच आवडलं नसतं. माणूस चक्क खादाड होता. अंगानं काडी, शर्टात वारा शिरला तर दोन माणसं मावतील असा, आणि भाकऱ्या खाताना बघावं तर आपणच पाणी प्यावं. लग्न केलं नव्हतं. वडाळे तळ्याच्या अंगाला एका खोलीत राहायचे. हातात घड्याळ नाही. "भूक लागली की एक वाजला," म्हणायचे, आणि गंमत म्हणजे खरोखरच एक वाजलेला असायचा. शबनम पिशवीत उत्तरपत्रिका, खडू आणि स्वतःचा पितळी पेला. पाणी कुणाकडेही पीत, पण पेला आपला. आणि जेवण झालं की ढेकर द्यायचे ती अशी, की शिक्षकांच्या खोलीत आम्ही दचकायचो. शेजारच्या वर्गातली पोरं हसायची ते वेगळंच.

मी दादरहून नव्याने आलेली. यांना नवीन पनवेलमध्ये सिडकोचा ब्लॉक लागला, म्हणून आम्ही इथे राहायला आलो आणि मला गावातल्या शाळेत नोकरी मिळाली. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. खारघर म्हणजे तेव्हा डोंगर आणि भातखाचरं. शाळेत शहरातल्या वाण्या-बामणांची पोरं होती, मोहल्ल्यातली होती, आणि एसटीने येणारी आसपासच्या आगरी-कोळी गावांतली होती. मला आवाज सहन होत नाही. पहिल्यापासूनच. त्यात देवाने मला पाचवीचा वर्ग दिला आणि त्या वर्गात काशिनाथ दिला.

काशिनाथ ओवे गावचा. प्राथमिक शाळेतून त्याचा दाखला यायच्या आधी कीर्ती आली होती. सहा वर्षांचा असताना म्हणे गावातली पेंढ्याची उडवी पेटवून दिली होती. दुसरीत बाईंच्या हाताला चावला होता. आमच्याकडे आल्यावर पहिल्याच आठवड्यात माझ्या टेबलाचा खण उघडला तर आत जिवंत चिंबोरी, खेकड्याच्या नांग्या उगारून. मी किंचाळले, आणि वर्गात सगळ्यात मोठ्याने हसणारा कोण, हे ओळखायला मला ज्योतिषी लागला नाही. इथवर गंमत म्हणता येईल. पण त्याने एका पोराला दुपारभर संडासात कोंडून ठेवलं. मुख्याध्यापकांच्या स्कूटरचं सीट ब्लेडने फाडलं. मारामारी करताना समोरच्याला लागतंय हे त्याला कळतच नसे, की कळूनही चालत असे, देव जाणे. आणि या सगळ्यावर त्याचा तो आवाज! बोलायचा म्हणून नाहीच, ओरडायचाच. हजेरीला 'हजर' म्हणायचा तर खिडकीतले कावळे उडायचे. मी घरी येऊन डोक्याला बाम लावून पडायची.

एक दिवस सर माझ्या वर्गाच्या दारात आले. काशिनाथकडे बोट दाखवून म्हणाले, "रविवारी तुमच्याकडे, महाराज." मग माझ्याकडे वळले. "आणि बाई, तुम्हीही चला. तुमचाच विद्यार्थी आहे."

मला या प्रकाराबद्दल ठाऊक होतं ते सगळं शिक्षकांच्या खोलीतलं. तिथे सरांना 'आगंतुक' म्हणत. खानावळ बंद केलीन की काय, अशी कुजबुज चाले. मुख्याध्यापकांनी तर एकदा तोंडावर सांगितलं होतं, "पालकांना भेटायचं तर शाळेत बोलवा. शिक्षकाने असं दारोदार पानावर बसणं शोभत नाही." त्यावर सर म्हणाले होते, "शाळेत बोलावलं तर पालक येतात हो. घर कुठे येतं?" आणि डबा उघडून बसले.

त्यांचे नियम ठरलेले. जे शिजलं असेल तेच खायचं, खास काही करायचं नाही. वाढायचं त्या पोरानेच. आणि जेवताना पोराबद्दल अवाक्षर काढायचं नाही. हीच खरी मेख होती. घरातली माणसं घास घशात अडकवून वाट बघत असायची की मास्तर आता तक्रार सांगतील, मग सांगतील, निदान बडीशेप खाताना तरी सांगतील. सर आमटीची तारीफ करायचे, पेला विसळून पिशवीत टाकायचे आणि उठायचे. एका वाणीणकाकूंनी मला बाजारात अडवून विचारलं होतं, "अहो, तुमचे ते सर येऊन गेले. काहीच बोलले नाहीत हो! नेमकं केलंय काय आमच्या मेल्याने?" तीन दिवस घरात झोप नव्हती म्हणे. चौथ्या दिवशी मेल्याने आपणहून सगळं सांगून टाकलं होतं.

तर रविवारी आम्ही एसटीने ओव्याला गेलो. काशिनाथ गावाबाहेरच उभा होता. नेहमी आरोळ्या ठोकणारा हा पोरगा त्या दिवशी काही बोलेना. घर दिसलं तसं त्याने पायातल्या चपला काढून हातात घेतल्या. मला वाटलं, चिखल असेल. चिखल नव्हता. अंगणाच्या कडेपासूनच तो असा चालायला लागला की पाचोळ्यावर पाय पडूनही आवाज नाही.

दारात त्याची आई. पनवेलच्या मासळी बाजारात बसणारी बाई. तिथे हिची हाक दोन गल्ल्या ऐकू जाते, मी स्वतः ऐकलेली. आणि इथे ती तोंडावर बोट ठेवून कुजबुजली, "या सर. या बाय. हळू. ते झोपलेत."

मधल्या घरात चटईवर काशिनाथचा बाप झोपला होता. तळोज्याला एका केमिकलच्या कारखान्यात कायमची रात्रपाळी. सकाळी यायचा, संध्याकाळपर्यंत झोपायचा, अंधार पडला की सायकल काढायची. आम्ही त्याला वळसा घालून मागच्या पडवीत गेलो. पानं मांडली, भात वाढला, सुकटीचं कालवण वाढलं. सगळं मुक्याने. भांड्याला भांडं लागलं नाही. रेडिओवर फडकं टाकलेलं. आगरी घर, आणि अंगणात कोंबडी नाही! मी हळूच विचारलं, तर आई म्हणाली, "कोंबडा आरवतं ना बाय. यांची झोप मोडंल. झोप नाय झाली तं तिथं मशिनीत हात जाईल. यांच्या जोडीदाराचा गेला." तिने आपलं मनगट दुसऱ्या हाताने धरून दाखवलं. 

"काशिनाथ लहानपणी रडायचा तेव्हा?" सरांनी कुजबुजून विचारलं.

"रडाला लागला का घेऊन बाहेर जायाची. चालाला लागल्यावर त्यालाच सांगितला, दिवसाचा घरान यायचा नाय. अंधार परला का ये." ती हे काही मोठं दुःख सांगावं तसं सांगत नव्हती. पाणी कुठून भरतो ते सांगावं तसं सांगत होती.

काशिनाथ वाढत होता. भात आणायला मधल्या घरातून जाताना तो बापापाशी थांबला. बापाच्या पायावर माश्या बसत होत्या. त्याने पायाशी सरकलेली चादर दोन बोटांनी उचलली, बापाच्या पावलांवर घातली, टेबलफॅनचं तोंड जरा त्याच्याकडे वळवलं आणि भाताचं पातेलं घेऊन आला. हे सगळं त्याने असं केलं की मी बघत होते म्हणून कळलं, नाहीतर हवा गेली असंच वाटलं असतं. सर चावायचे थांबले होते. पोराला दुसरीत चावताना आणि संडासात कोंडताना सगळ्यांनी पाहिलं होतं, हे कुणीच पाहिलेलं नव्हतं.

आणि चमत्कार सांगते, त्या दिवशी सरांनी ढेकर गिळली. डोळ्यांत पाणी आलं बिचाऱ्यांच्या, पण गिळली. एसटीच्या थांब्यावर येऊन जी दिली, ती तळोज्यापर्यंत गेली असेल. मग म्हणाले, "बाई, तुम्हाला त्या पोराचा आवाज त्रास देतो ना? त्याला दिवसभरात ओरडायला एकच जागा आहे. तुमचा वर्ग."

"म्हणजे मी काय कानात बोळे घालून बसू?" मी चिडून म्हटलं.

"नाही. दुसरी जागा शोधू."

दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत सर काशिनाथला घेऊन तळ्याच्या काठावर जायला लागले. ओरडायला! हो, शब्दशः ओरडायला. आधी पोरगा, मग सर, मग दोघं मिळून. नद्यांची नावं, घाटांची नावं, जगातली वाळवंटं. "सहाऽराऽ!" अशी आरोळी पलीकडच्या काठावर आपटून परत यायची. धुणं धुणाऱ्या बायका हसून बेजार. गावात बोभाटा झाला की मास्तर वेडा झाला. पण त्या वर्षी माझा वर्ग शांत झाला हो! पोरगा ओरडून ओरडून मोकळा होऊन यायचा आणि बाकावर बसून चक्क नकाशे काढायचा. मारामाऱ्या थांबल्या नाहीत, पण कमी झाल्या. माझी बामची बाटली महिनाभर पुरायला लागली.

दोन वर्षांनी ते सगळं बंद पडलं. नवे मुख्याध्यापक आले, तळ्याकाठच्या कुणी प्रतिष्ठिताने तक्रार केली, सरांना लेखी ताकीद मिळाली. महिन्याभरात काशिनाथने एका मुलाच्या मांडीत कर्कटक खुपसलं आणि त्याच्या हातात दाखला ठेवला गेला. सर भांडले. मीही भांडले, कधी नव्हे ती. काही उपयोग झाला नाही. तो एसटी स्टँडवर थोराड पोरांत दिसायला लागला. मला बघून वळायचा. सरांना बघून तर पळायचाच.

मग एक दिवस बाजारातले एक किराणा व्यापारी शाळेत आले, मुलाची फी भरायला. रागाने लाल झाले होते, आणि सांगताना हसूही आवरत नव्हतं त्यांना. दुपारी गोदामाच्या दारात खाट टाकून ते झोपायचे, किल्ली उशाखाली. "उठून बघतो तर कुलूप उघडं, तेलाचे डबे गायब! टेम्पो लावून नेले हो! आणि किल्ली परत उशाखाली! बाजारातली ही तिसरी चोरी अशी. पण वर कमाल ऐका. चोराने माझ्या पायांवर चादर घातली. पंखा माझ्याकडे वळवला! पोलीसही हसायला लागले. म्हणाले, शेठ, चोर होता की जावई?"

खोलीतले सगळे हसले. मी सरांकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या हातातला घास तसाच डब्यात पडला. तो डबा त्यांनी अर्धा टाकून झाकला, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

व्यापारी गेल्यावर म्हणाले, "पोलिसांना आज ना उद्या कळणार. धरून नेला तर ती थोरली पोरं सगळं याच्यावर ढकलतील. मग रिमांड होम. बाई, हे पोर आत गेलं तर यापेक्षा तरबेज होऊन बाहेर येईल. मग ते आपलं राहणार नाही."

"मग करणार काय? आपण सांगायचं पोलिसांना?"

"आपण नाही. त्याने सांगायचं."

सर उठले ते तडक एसटी स्टँडवर गेले. मी मागोमाग. काशिनाथ उसाच्या गुऱ्हाळापाशी होता. मिसरूड फुटायला लागलेलं, गळ्यात रुमाल. या वेळी तो पळाला नाही, कारण मध्ये गाडी आली. सर त्याच्यासमोर उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "महाराज, उद्या तुमच्याकडे जेवायला येतो."

पोराचा चेहरा पांढराफटक पडला. मी तो विसरू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच पडवी, तीच मुकी पानं. बाप मधल्या घरात झोपलेला. आईला काहीच माहीत नव्हतं, ती आपली खुशीत होती की मास्तरांनी पोराला टाकलं नाही. तिने त्या दिवशी चिंबोरीचं कालवण केलं होतं. सर जेवायला बसले आणि सवयीप्रमाणे पोराबद्दल एक शब्द बोलेनात. "कालवण झकास झालंय, वहिनी." कुजबुजून. "अजून जरा रस." कुजबुजून. मी पानातला भात नुसता चिवडत होते. मनात म्हटलं, बोला हो आता! हा काय नेम पाळायचा दिवस आहे? काशिनाथ वाढत होता. पहिला भात, दुसरा भात. सर त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हते. पोराच्या कपाळावर घाम जमला. तिसऱ्यांदा भाताचं पातेलं घेऊन तो सरांच्या पानासमोर आला.

आणि त्याने ते पातेलं टाकलं. सुटलं नाही हातातून, टाकलं. खाली फरशीवर आपटलं ते. त्या घरात जन्मात झाला नसेल असा खणखणाट झाला. आईने दोन्ही हात तोंडावर नेले. मधल्या घरात बाप धडपडून उठला.

"मीच!" काशिनाथ ओरडला. तळ्यावर ओरडायचा तसा, पोटातून. "चावी मीच काढली! तिन्ही बारीला मीच! झोपलेल्या मानसाला कलत नाय, मना ठाव हाय! मना दुसरा काय येतंच नाय!"

बाप दारात येऊन उभा होता. लाल डोळे, अंगात बनियन. मला वाटलं, आता मारतो. त्याने पोराकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, सांडलेल्या भाताकडे पाहिलं. मग बायकोला विचारलं, "याचा आवाज असा हाय?"

तेरा-चौदा वर्षांचं पोर, आणि बापाने आवाज ऐकला नव्हता. आईला रडू फुटलं. तेही मोठ्याने, बाजारातल्यासारखं. सर मात्र पानावरून हलले नाहीत. म्हणाले, "दादा, उठलातच तर बसा. चार घास खाऊन घ्या. मग आपण सगळे पोलीस ठाण्यात जाऊ. तो स्वतः सांगेल." पहिल्यांदाच ते त्या घरात मोठ्या आवाजात बोलले. बाप हात धुऊन आला आणि पोराच्या शेजारी मांडी घालून बसला. दोघांना एकाच वेळी जेवताना त्या बाईने किती वर्षांनी पाहिलं असेल कोण जाणे. ती वाढत राहिली, डोळे पुसत राहिली.

तेलाचे डबे बरेचसे मिळाले. थोरली पोरं पकडली गेली. काशिनाथची तारीख अलिबागला पडली. मीही गेले, त्याची जुनी वर्गशिक्षिका म्हणून. न्यायाधीशांच्या खुर्चीवर एक पोक्त बाई होत्या, चष्मा नाकावर. त्यांनी आईला विचारलं, "मुलगा घरी कसा वागतो?" आई काहीतरी पुटपुटली. "काय?" पुन्हा पुटपुटली. साहेबांसमोर, मोठ्या इमारतीत, तिला घरातलाच आवाज लागला होता. त्या बाई वैतागल्या आणि म्हणाल्या, "अहो, मोठ्याने बोला. इथे कुणी झोपलेलं नाही!"

आम्ही पाचही जणांनी एकमेकांकडे पाहिलं. आणि बापाला हसू आलं. त्या गरीब, झोपमोड झालेल्या माणसाला कोर्टात खुदकन हसू आलं! मग त्यानेच हात जोडून सांगितलं, "बाईसाहेब, चूक माझी हाय. आमच्या घरान पोराला बोलायला जागाच नवती." आणि काशिनाथने सगळं सांगितलं, पहिल्यापासून, कारकुनालाही लिहून घेता येईल अशा खणखणीत आवाजात. सर पुढे झाले. म्हणाले, मी याची जबाबदारी घेतो. बाईंनी त्यांच्या ढगळ शर्टाकडे, पिशवीतून डोकावणाऱ्या पेल्याकडे पाहिलं. "तुम्ही नेमकं काय करणार?"

"दर रविवारी त्याच्यासोबत जेवेन," सर म्हणाले.

मी मनात म्हटलं, सुचलं तेच का बोलायचं असं! पण त्या बाईंनी चष्मा वर सरकवला आणि खाली बघून काहीतरी लिहिलं. पोरगा सरांच्या देखरेखीखाली घरी सुटला. बाहेर येऊन सरांनी सगळ्यांना मिसळ खायला घातली. स्वतः दोन प्लेटी हाणल्या.

रविवार जेवणाचे सुरू झाले, पण घरातच असं नाही. सरांना जिथे पंगत तिथे ओढ. भात कापून झाला की मोकळ्या शेतांत गावोगाव क्रिकेटचे सामने भरायचे. पाहुण्यांना मटणाचं जेवण असायचं. सर पाहुणे म्हणून हजर, आणि त्यांच्या मागे काशिनाथ. अशाच एका सामन्यात माईकवर बोलणाऱ्याचा घसा बसला. सरांनी काशिनाथच्या पाठीत रट्टा घातला. "जा. सहारा म्हणायचास ना? तसं."

आणि लोकहो, काय बोलला तो! मी नंतर ऐकलं म्हणून सांगते. "बॅट बगा कशी हालवतंय, जशी माजी आय माश्या हाकलवतं!" "बॉल गेला, गेला, खाडीत गेला, आता त्याला निवटा गिलणार!" माणसं सामना सोडून त्याचंच ऐकायची. पुढच्या हंगामात गावं त्याला बोलवायला लागली. ज्या आवाजाने माझं डोकं उठवलं होतं, तो आवाज ऐकायला माणसं सायकली काढून यायची. मध्येच खिशात हात घालून उभा असला की मला अजून वाटायचं, हा काहीतरी करणार. करत काही नव्हता. पुढे दहावी बाहेरून दिली, दुसऱ्यांदा पास झाला, भूगोलात मात्र पहिल्या फटक्यात.

शेवटी सांगायचं ते ओव्यातल्या सामन्याचं. नव्वदीचं दशक मध्यावर आलं होतं. काशिनाथच्या स्वतःच्या गावात मोठे सामने, आणि माईकवर तोच. सरांनी मला, माझ्या यजमानांना, दोघांना ओढत नेलं. आधी घरी गेलो. अंगणात शिरलो तर समोर कोंबडा! तुऱ्याचा, ऐटबाज, छाती काढून आरवत होता भर सकाळी. आई बाजारातल्या आवाजात ओरडली, "या सर! बाय, या गं!" सर त्या कोंबड्याकडे बघतच राहिले. मला वाटतं, त्यांनी भूक लागली असूनही त्याला मनातल्या मनात माफ केलं असावं.

मैदानावर गर्दी मावत नव्हती. काशिनाथचा बाप रात्रपाळी संपवून सायकलने थेट तिथेच आला होता, कारखान्याचे कपडे अंगावर. घरी जाऊन झोप म्हणाली बायको, तर म्हणाला, "आज नाय. आज पोरगा बोलतंय." पहिल्या रांगेत, बरोबर भोंग्याखाली खुर्ची टाकून बसला. माझे तर कान फुटायची वेळ आली होती.

अंतिम सामना रंगला. शेवटच्या षटकात आला. काशिनाथ गरजत होता, माणसं उभी राहिली होती. आणि मी बघितलं, बापाची मान खाली. झोपला! त्या भोंग्याखाली, त्या गलक्यात, हात छातीवर घेऊन गाढ झोपला.

काशिनाथनेही ते बघितलं. आणि त्याचा आवाज एकदम उतरला. मुद्दाम नव्हे हो. लहानपणापासूनची सवय. वाक्य तोंडातच विरलं, तो माईकवर कुजबुजायला लागला. "बॉल टाकला... मारला..." भोंग्यातून नुसता श्वास. माणसं ओरडायला लागली, "आवाज! आवाज! ए, माईक गेला!" सर जागेवरून अर्धे उठले. पहिल्यांदा त्या पडवीत चावायचे थांबले होते, तसा त्यांचा चेहरा झाला.

बाप दचकून जागा झाला. इकडेतिकडे बघितलं, भोंग्याकडे बघितलं, माईकवरच्या पोराकडे बघितलं. आणि उभा राहून ओरडला. त्या कुजबुजणाऱ्या घराचा धनी, अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असा:

"का रं गप झालास? तुजा आवाज बंद झाला न् माजी झोप मोडली! बोल!"

मैदान हसलं. काशिनाथ मात्र हसला नाही. त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले, माईक तोंडाशी धरला आणि असा आवाज काढला की तळोज्याच्या कारखान्यांच्या चिमण्या हलल्या असतील. बाप खाली बसला, पाय पसरले आणि डोळे मिटून घेतले. मी कानांवरचे हात काढले. शेजारी सर टाळ्या वाजवत होते, पेला काखेत धरून, आणि मोठमोठ्याने रडत होते. मध्येच माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, एक वाजला. भूक लागली."